सूर्य पाठीमागून येतो त्या किनाऱ्यावर फोटोपिल्स

कोकण किनाऱ्याचं तोंड पश्चिमेला. अलिबाग घ्या, गुहागर घ्या नाहीतर वेंगुर्ला, सूर्य इथे समुद्रातून वर येत नाही. तो सड्यामागून (किनाऱ्यालगतचं सपाट माथ्याचं कातळी पठार), सुरूंच्या आणि माडांच्या शेंड्यांवरून फोटो काढणाऱ्याच्या पाठीवर येतो. शाळेतल्या भूगोलाइतकी साधी गोष्ट, पण पहाटेच्या फोटोची आखणी करताना हटकून विसरली जाते, कारण नेटवरचे बरेचसे धडे पूर्वेला समुद्र असणाऱ्यांसाठी लिहिलेले असतात. म्हणून सूर्य-चंद्र कधी, कुठे असतील ते सांगणाऱ्या फोटोपिल्स या अ‍ॅपची पारख करताना त्यात काय काय आहे याची जंत्री देत बसत नाही. प्रश्न एवढाच, की या उलट्या किनाऱ्यावर पहाटेच्या एका फोटोसाठी ते किती कामाला येतं.

निकाल आधीच सांगून टाकतो: घ्यावं. मात्र त्यातल्या जाड रेघांवर आणि ठळक वेळांवर डोळे मिटून भरवसा ठेवला, तर कोकणात फसगत ठरलेली. अ‍ॅपचं गणित बरोबरच असतं. सडा, सुरू आणि धुरकट क्षितिज त्याच्या हिशेबात नसतात.

अ‍ॅप स्पेनच्या मेनोर्का बेटावरच्या मंडळींनी बनवलंय. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतं, पैसे एकदाच भरायचे, दरमहा वर्गणीची कटकट नाही. आत बऱ्याच ‘गोळ्या’ (पिल्स, म्हणजे वेगवेगळी साधनं) आहेत, नावाला जागून. पहाटे किनाऱ्यावर जाणाऱ्याला त्यातल्या तीन-चार पुरतात, आणि खरी पैसे वसूल करणारी एकच: प्लॅनर.

प्लॅनर म्हणजे नकाशा. लाल पिन आपण उभे राहणार तिथे. तिच्यातून चार जाड रेघा निघतात: पिवळी सूर्योदयाची, नारिंगी सूर्यास्ताची, फिकट निळी चंद्रोदयाची, गडद निळी चंद्रास्ताची. शिवाय त्या क्षणी सूर्य किंवा चंद्र कुठे आहे ते दाखवणाऱ्या बारीक रेघा. खालची वेळेची पट्टी बोटाने सरकवली की त्या फिरतात. काळी पिन समोरच्या वस्तूवर ठेवायची, म्हणजे किल्ला, बेट, टेकडी. दोन्ही पिनांमधलं अंतर, दिशा आणि उंचीतला फरक लगेच मिळतो.

अलिबागच्या पुळणीवर लाल पिन टाकली की पिवळी रेघ सरळ गावात घुसते. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजलं तर डिसेंबरच्या शेवटी ती ११५ अंशांच्या आसपास असते, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ६५ अंशांवर. म्हणजे वर्षभरात सूर्य सुमारे ५० अंशांच्या पट्ट्यात पुढेमागे होतो आणि त्यातला एकही अंश समुद्राकडे येत नाही. हे पाच मिनिटांत, घरी बसून, चहा संपायच्या आत कळतं. या एका गोष्टीपायी वाया जाणाऱ्या पहाटा मोजल्या तर अ‍ॅपची किंमत तिथेच निघते.

पाण्यावरचा सूर्योदयच हवा असेल तर खाडीकडे वळायचं. त्यासाठी देवबागसारखी जागा नाही. तारकर्लीच्या दक्षिणेला समुद्र आणि कर्ली नदी यांच्यामधली वाळूची ही चिंचोळी पट्टी. पूर्वेला नदी, पश्चिमेला समुद्र. लाल पिन नदीकाठावर ठेवा, पिवळी रेघ पाण्यावरून पलीकडच्या माडांत जाते. थंडीत नदीवर धुकं असतं, पाणी आरशासारखं. सूर्य वर आला की गाव ओलांडून समुद्राच्या बाजूला जायचं, तिथे कोवळं ऊन लाटांवर पडायला लागलेलं असतं. एका पहाटेत दोन फोटो. प्लॅनरमध्ये दोन्ही जागा दोन वेगळे प्लॅन म्हणून जपून ठेवाव्यात.

आता पहिला सापळा. अ‍ॅप जी सूर्योदयाची वेळ देतं ती सपाट क्षितिजाची. जानेवारीच्या मध्यावर अलिबागला ती सव्वासातच्या सुमाराला असते, जूनच्या सुरुवातीला सहाच्या. आपल्या पाठीमागे सपाट काहीच नसतं. सूर्य उशिरा दिसला की बोट सह्याद्रीकडे जातं, पण खरा गुन्हेगार जवळचा सडा असतो. हिशेब करून पाहा. पन्नास किलोमीटरवरचा हजार मीटर उंच डोंगर किनाऱ्यावरून जेमतेम एक अंश वर दिसतो. आपल्या अक्षांशावर सूर्य एक अंश चढायला साधारण सव्वाचार मिनिटं घेतो, म्हणजे सह्याद्रीमुळे होणारा उशीर फार तर चार-पाच मिनिटांचा. उलट एकाच किलोमीटरवरचा शंभर मीटरचा सडा पावणेसहा अंश वर असतो. तो सूर्य पंचवीस मिनिटं अडवून धरतो. काळी पिन सड्याच्या कडेवर ठेवून उंचीतला फरक पाहिला की हा आकडा अ‍ॅपमधूनच निघतो.

झाडांचं मात्र अ‍ॅपला काहीच कळत नाही. त्याच्याकडे जमिनीची उंची आहे, सुरूची नाही. पंधरा मीटर उंच सुरूंची रांग शंभर मीटरवर असेल तर ती साडेआठ अंश झाकते. ऊन वाळूवर उतरेपर्यंत सूर्योदय होऊन पाऊण तास होत आलेला असतो आणि उन्हाचा सोनेरीपणा ओसरलेला. त्याच सुरूंपासून तीनशे मीटर पाण्याकडे सरकलात तर उशीर बारा-तेरा मिनिटांवर येतो. हे दोनशे मीटर कुठून आणायचे? ओहोटीतून. त्याकडे पुढे येतोच. काळ्या पिनेला जमिनीवरची जादा उंची देता येते. तिथे झाडांचे पंधरा-वीस मीटर स्वतः भरायचे.

दुसरी बाब वेळेची. युरोपातल्या व्हिडिओंत पहाटेचा निळा प्रकाश रेंगाळतो, आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो. अ‍ॅपच्या व्याख्येप्रमाणे ब्लू अवर म्हणजे सूर्य क्षितिजाच्या सहा ते चार अंश खाली असतानाचा वेळ. कोकणात तो आठ-नऊ मिनिटांत आटोपतो. नाव अवर, मुक्काम नऊ मिनिटांचा. त्यातल्या त्यात वीस सेकंदांची एक्सपोजर द्यायची, मध्ये लाट चुकली तर पुन्हा द्यायची, म्हणजे हाती आठ-दहा फ्रेम. ट्रायपॉडची जागा त्याआधी पक्की झालेली हवी. सूर्योदयाच्या तासभर आधी पुळणीवर, हा हिशेब उगाच सांगितला जात नाही.

आणि खरी मजा पश्चिमेला आहे. सूर्योदयाच्या दहा-पंधरा मिनिटं आधी समुद्राच्या क्षितिजावर करडा-निळा पट्टा दिसतो आणि त्याच्या वर गुलाबी. खालचा करडा पट्टा म्हणजे वातावरणावर पडलेली पृथ्वीची सावली. पूर्वेला उजाडत जातं तशी ती समुद्रात बुडत जाते. हवा स्वच्छ असेल, म्हणजे पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात किंवा थंडीत, तर ओल्या वाळूवर या दोन्ही पट्ट्यांचं प्रतिबिंब पडतं. पश्चिमेकडे आकाश आणि जमीन यांच्या उजेडात फारसा फरक नसल्यामुळे ग्रॅज्युएटेड, म्हणजे वरच्या अर्ध्या भागात काळसर असलेल्या, फिल्टरची गरज पडत नाही. देवबागच्या नदीकाठावर, सूर्यासमोर, तीन स्टॉपचा (म्हणजे उजेड तीनदा निम्मा करणारा) सॉफ्ट ग्रॅज्युएटेड लागतोच. पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, तर काढूनच ठेवा: ओल्या वाळूवरच्या ज्या प्रतिबिंबासाठी आलात तेच तो पुसून टाकतो.

पट्ट्यात पौर्णिमेचा चंद्र मावळताना मिळाला तर मग बोलायलाच नको. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या समोर असतो, त्यामुळे सूर्य पूर्वेला वर येताना तो पश्चिमेला समुद्रात उतरतो. कोकणचे किनारी किल्ले यासाठी मुद्दाम मांडून ठेवल्यासारखे आहेत: मालवणहून सिंधुदुर्ग, हर्णैहून सुवर्णदुर्ग, अलिबागहून कुलाबा, सगळे किनाऱ्यावरून समुद्राकडे. इथे फोटोपिल्सची खरी किंमत कळते. प्लॅनरमधल्या ‘फाइंड’ या शोधात किल्ल्याची दिशा आणि चंद्राची उंची द्यायची, किती अंशांची चूक चालेल ते सांगायचं, की तारखांची यादी समोर. हे काम कागदावर करायला एक संध्याकाळ जाते.

पण इथेच दुसरा सापळा. जाड गडद निळी रेघ चंद्र क्षितिजाला टेकेल तिथली, आणि कोकणात चंद्र क्षितिजाला टेकताना क्वचितच दिसतो. फेब्रुवारीनंतर तर समुद्रावरच्या धुरकटपणात तो दोन-तीन अंश वर असतानाच विरून जातो. म्हणून फाइंडमध्ये उंची शून्य न देता दोन ते चार अंश द्यायची. शिवाय चंद्र सरळ खाली उतरत नाही. उतरताना उजवीकडे, उत्तरेकडे सरकतो. तीन अंश उतरेपर्यंत सुमारे एक अंश, म्हणजे त्याच्या स्वतःच्या रुंदीच्या दुप्पट. जाड रेघेवर विश्वास ठेवून उभं राहिलं की तीन अंशांवरचा चंद्र बुरुजावर न येता त्याच्या डावीकडे लटकतो. वेळेची पट्टी सरकवून बारीक रेघ किल्ल्यावर आणायची, जाड नव्हे.

जागेचा नेमकेपणा किती लागतो, तेही पाहा. चंद्राची रुंदी अर्धा अंश. किल्ला सव्वा किलोमीटरवर धरला तर तिथे चंद्राची थाळी सुमारे अकरा मीटरची होते. आपण किनाऱ्यावर अकरा मीटर बाजूला झालो की चंद्र किल्ल्यावर एक चंद्रभर सरकतो. तेव्हा ट्रायपॉड हातात धरून चालत राहणं हाच शेवटचा उपाय, आणि त्यासाठी मोकळी पुळण हवी. हिवाळ्यात पौर्णिमेचा चंद्र वायव्येकडे, २९० ते ३०० अंशांच्या दरम्यान मावळतो, म्हणून त्याला किल्ल्यामागे धरायला किनाऱ्याच्या दक्षिण अंगाला उभं राहावं लागतं, उन्हाळ्यात उलट. ४०० मिमी लेन्सवर सेन्सरवरचा चंद्र साडेतीन मिलिमीटरच्या आसपास भरतो, २०० वर त्याच्या निम्मा. शटर पाव सेकंदापेक्षा लांबवू नये, चंद्राची कड मऊ पडते.

कोणती पहाट निवडायची? चंद्रास्त सूर्योदयाच्या आगेमागे वीस मिनिटांत असेल ती. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा मावळतो, त्यामुळे महिन्यात अशी पहाट साधारण एकच. चंद्र लवकर मावळला तर किल्ला काळाठिक्कर आणि चंद्र जळका पांढरा. उशिरा मावळला तर किल्ला उन्हात, पण चंद्र फिकट आणि उंच.

आता भरती-ओहोटी. त्यासाठी या अ‍ॅपवर विसंबू नका, ती वेगळी पाहायची. कोकणातला जुना हिशेब अजून चालतो: तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती, आणि सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, नेमक्या वेळेसाठी भरतीचं कोष्टक बघावं, पण आखणीला हा हिशेब पुरेसा. हाच हिशेब पौर्णिमेला लावा: पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकराला भरती, म्हणजे पहाटे सव्वापाच-सहाच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. तीही उधाणाची, म्हणजे पाणी सगळ्यात लांब गेलेलं. मावळता चंद्र, ओली रुंद पुळण आणि सुरूंपासून लांब उभं राहायला जागा, तिन्ही गोष्टी एकाच पहाटे जुळून येतात. अमावास्येलाही ओहोटी तशीच, फक्त चंद्र नाही. अष्टमीला नेमकं उलटं: सहा वाजता भरती, आणि पाण्याची ये-जा भांगाची, बेताची. भरतीत खडकांवर लाटा फुटताना हव्या असतील तर अष्टमीच्या आसपास जा.

अलिबागकडे उधाणात पाण्याची चढ-उतार साडेतीन-चार मीटरची, मालवणकडे जेमतेम दोनेक मीटरची. त्यामुळे उत्तरेला पाणी परतताना भरभर येतं. पौर्णिमेच्या पहाटे फोटो चालू असतो तेव्हा पाणी नुकतंच फिरलेलं असतं आणि नजर किल्ल्यावर असते, बॅग मागे वाळूवर. बॅग पाठीवरच ठेवा. ओहोटीत कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं, पण पहाटेच्या अंधारात त्या भानगडीत पडू नये. चंद्र किल्ल्यामागे धरायचा तर उभं किनाऱ्यावरच राहायचं असतं.

एक्सपोजरची गोळी बरी आहे, एनडी फिल्टरचा (सगळा उजेड सारखा कमी करणाऱ्या काळ्या काचेचा) हिशेब झटपट देते: सहा स्टॉपचा लावला की पाव सेकंदाचे सोळा सेकंद, दहा स्टॉपचा लावला की सेकंदाच्या तिसाव्या भागाचे चौतीस सेकंद. पण सपाट पुळणीवर सोळा सेकंदांत लाटेचा नुसता धूर होतो. परतणाऱ्या पाण्याच्या रेघा हव्यात तर अर्धा ते एक सेकंद. आयएसओ १००, एफ/११, आणि बटण लाट फुटताना न दाबता पाणी मागे ओढायला लागल्यावर दाबायचं. तेवढ्यासाठी तीन स्टॉपचा एनडी पुरतो, पहाटे लवकर तर तोही नको.

डेप्थ ऑफ फील्डच्या, म्हणजे किती अंतरापर्यंत स्पष्ट येईल ते सांगणाऱ्या, गोळीचे आकडे थोडे उदार असतात. १६ मिमी, एफ/११, फुल फ्रेम दिलं की हायपरफोकल (जिथे फोकस केला की पार क्षितिजापर्यंत स्पष्ट येतं ते अंतर) ऐंशी सेंटिमीटरच्या जवळपास सांगते. तसं केलं तर दूरचा किल्ला ‘चालेल इतपत’ स्पष्ट येतो, मोठ्या प्रिंटमध्ये नाही. सव्वा मीटरवर फोकस ठेवा, पायाजवळचे शिंपले तरीही सुटत नाहीत.

काही गोष्टी कुठलंच अ‍ॅप सांगत नाही. ओल्या वाळूत लाट आली की ट्रायपॉडचे पाय खचतात, आणि एक्सपोजर चालू असतानाच खचतात. आधी वरून जोर देऊन ते दहा-पंधरा सेंटिमीटर रुतवा, एक लाट जाऊ द्या, मग फ्रेम जुळवा. कोरड्या भुसभुशीत वाळूत पायांखाली फरशीचे तीन तुकडे. सगळ्यात खालचा, बारीक भाग आधी उघडा, म्हणजे वरचे लॉक वाळूबाहेर राहतात. परतल्यावर गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर महिन्याभरात लॉक करकरायला लागतात. लेन्सवर खारं पाणी वाळलं असेल तर कोरड्या फडक्याने घासू नका, फडकं आधी ओलं करा. एसीतल्या खोलीतून थेट बाहेर आलात तर काच धुरकटते आणि नऊ मिनिटांचा निळा प्रकाश ती पुसण्यात जातो. बॅग रात्रीच व्हरांड्यात काढून ठेवा. पहाटे मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे, त्यामुळे तुषार लेन्सवर कमी येतात. ही संध्याकाळपेक्षा पहाटेची मोठीच सवलत.

आणि सावली. पश्चिमेकडे तोंड म्हणजे सूर्य वर आला की आपलीच सावली फ्रेममध्ये. सूर्य पाच अंशांवर असताना पावणेसहा फूट माणसाची सावली वीस मीटरच्या आसपास लांब पडते, आणि वाइड लेन्समध्ये ट्रायपॉडसकट बरोबर मधोमध येते. प्लॅनरमधली सूर्याची बारीक पिवळी रेघ पाठीमागच्या बाजूने मनात पुढे ओढा: सावली तिथे. फ्रेम तिच्यापासून चाळीस-पन्नास अंश वळवायची किंवा लांब लेन्स लावायची.

तक्रारी आहेत. मराठीत अ‍ॅप नाही. सुरुवातीला पडद्यावर इतकं काही असतं की पहिला आठवडा वैतागातच जातो. पिना आणि वेळेची पट्टी सोडून बाकीकडे तेवढे दिवस बघूच नये. कॅमेऱ्यातून आकाशावर सूर्य-चंद्राची वाट दाखवणारी सोय फोनच्या होकायंत्रावर चालते, आणि ते गाडीजवळ किंवा जेटीच्या लोखंडाजवळ बिनधास्त पाच-दहा अंश भरकटतं. चंद्र-किल्ल्याच्या कामाला ती वापरू नये, नकाशाच वापरावा. नकाशा उमटायला नेट लागतं आणि किनाऱ्यावरच्या कित्येक वाड्यांत रेंज नसते, म्हणून आखणी मुक्कामावर करून पडद्याचा स्क्रीनशॉट काढून न्यावा. फोनचा उजेडही शेवटपर्यंत कमी करून ठेवा. अंधारात एकदा पडदा झगझगीत पाहिला की पुढची दहा मिनिटं वाळू दिसत नाही. वेळास-आंजर्ल्याला कासवांच्या हंगामात तर हेडटॉर्चही बंदच. पिल्लं उजेडाकडे वळतात.

वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीत किनाऱ्यावर जाणाऱ्याने हे विकत घ्यायची गरज नाही. सूर्य-चंद्राची दिशा दाखवणारी फुकट अ‍ॅप्स आहेत, आणि भिंतीवरच्या पंचांगातली तिथी बघून पौर्णिमेची पहाट गाठली तर ओहोटी आणि चंद्र दोन्ही मिळतात. चंद्र नेमका बुरुजावर येणार नाही एवढंच. तो बुरुजावरच हवा असेल तर मात्र आज रात्रीच काळी पिन किल्ल्यावर ठेवा, उंची तीन अंश द्या आणि ऑक्टोबर ते जानेवारीतल्या तारखा काढा. चारच पौर्णिमा असतात, त्यातल्या एखाद्या पहाटे ढग येणारच.